समुद्रसपाटीचा आकडा

नव्या यंत्राने मला काही विचारलंच नाही. जुनं विचारायचं. बटण दाबलं की पडद्यावर तीन रिकामे चौकोन लुकलुकायला लागायचे, म्हणजे हवेचा दाब भरा, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. आणि तो भरेपर्यंत ते हट्टी म्हाताऱ्यासारखं अडून बसायचं. हे नवं सुरू झालं आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत त्याने स्वतःच लिहून टाकलं, ७०६. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सकाळचे सहा वाजून सात मिनिटं झाली होती. मी तलावाच्या धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत स्टुलावर बसलो होतो, प्रोबवर, म्हणजे यंत्राच्या पाण्यात सोडायच्या टोकावर, टोपण चढवलेलं होतं, टोपणातल्या स्पंजावर मोजून तीन थेंब पाणी टाकलं होतं. जास्त टाकलं तर थेंब प्रोबच्या पातळ पडद्यावर जाऊन बसतो आणि आकडा बिघडतो. कमी टाकलं तर आतली हवा पुरेशी ओली होत नाही. हे सगळं आता इतकं अंगवळणी पडलंय की मी ते करत असताना दुसराच विचार करत असतो. त्या दिवशी मी विचार करत होतो की हे ७०६ म्हणजे काय. बॅटरी असेल, कारखान्याचा नंबर असेल. नव्या वस्तू अंगावर काय काय मिरवतात, आपल्याला कशाला पंचाईत. सहा वाजून दहा मिनिटांनी मी नेहमीसारखा फोन लावला, आणि हवामान कार्यालयातली बाई नेहमीसारखी म्हणाली, "सातशे अठ्ठावन्न. आज दुपारनंतर वारा आहे, तलाववाले. होडीतून लवकर उतरा."

तलाववाले म्हणजे मी. शहराच्या पाणी खात्यात माझं काम एवढंच, की रोज पहाट फुटता फुटता तलावात जायचं, पाच ठिकाणी पाण्यात प्रोब सोडायचा आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती आहे ते लिहायचं. पहाटेच का, असं लोक विचारतात, म्हणजे पूर्वी विचारायचे. रात्रभर पाण्यातलं सगळं जितंजागतं श्वास घेत असतं आणि उजेड नसल्यामुळे शेवाळ नवा प्राणवायू तयार करत नाही, म्हणून उजाडायच्या सुमाराला पाण्यातल्या प्राणवायूने तळ गाठलेला असतो. माणसाचंही तसंच असावं, पण माणसात सोडायला प्रोब नाही. आकडा लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली आला की पाणी घुसळणारे मोठे पंखे लावायचे, चार किंवा त्याच्या वर असला की लावायचे नाहीत, असा नियम. पंखे वीज फार खातात, त्यामुळे वरचे लोक त्या चारला धरून असतात. मात्र मोजण्याआधी रोज यंत्राला हवेत धरून शिकवावं लागतं, की बाबा, ही ओली हवा म्हणजे शंभर टक्के, आता इथून खाली मोज. आणि त्यासाठी त्याला सांगावं लागतं की आज इथे हवेचा दाब किती आहे. दाब कमी असेल तर हवेत प्राणवायूही कमी, मग शंभर टक्क्यांचा अर्थच बदलतो. तो दाब नऊ वर्षं मी तिच्याकडून घेत होतो.

त्या सकाळी होडीत बसल्यावर नावाड्याने वल्ही मारायला सुरुवात केली आणि मी मांडीवर माहितीपुस्तिका उघडली. नावाडी माझ्याशी फारसं बोलत नाही. एकदा त्याच्या वल्ह्याला मी चुकून काठी म्हटलं होतं, तेव्हापासून माझ्याबद्दल त्याचं मत पक्कं झालंय. पुस्तिकेच्या नवव्या पानावर लिहिलं होतं की ह्या यंत्रात दाब मोजण्याची सोय आतच आहे, बाहेरून आकडा भरायची गरज नाही. आणि खाली जाड अक्षरात, हवामान कार्यालयाचा दाब वापरू नका, कारण तो समुद्रसपाटीवर आणलेला असतो. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग पाण्याकडे पाहिलं.  हे मला माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात एका टक्कल पडलेल्या मास्तरांनी फळ्यावर डोंगर काढून सांगितलं होतं की हवामानवाल्यांना सगळी गावं एकमेकांशी ताडून पाहायची असतात, म्हणून ते उंचावरच्या गावांनाही हिशोबाने समुद्राकाठी आणून उभं करतात. आमचं शहर समुद्रापासून सहाशे मीटर वर आहे. तिचा सातशे अठ्ठावन्न हा ह्या शहराचा दाब नव्हताच, हे शहर समुद्राकाठी असतं तर इथे जो दाब असता तो होता. म्हणजे यंत्राला मी नऊ वर्षं खोटं शिकवत होतो, आणि ते बिचारं रोज सात टक्के वाढवून सांगत होतं.

परत आल्यावर मी कपाट उघडलं. खरं तर तिथूनच ही गोष्ट सांगायला हवी होती, पण ते जिवावर येतं. नऊ वर्षांपूर्वी खोलीतला भिंतीवरचा बॅरोमीटर माझ्याच हातून पडून फुटला. नवा मागवला. तो येईपर्यंत काय करायचं, तर तेव्हाचे साहेब म्हणाले, हवामान कार्यालयाला फोन करा की, ते काय फुकटचा पगार घेतात का. मी फोन केला. पलीकडून एक बाई बोलली, जरा घोगऱ्या आवाजात, जसं सकाळी पहिल्यांदाच तोंड उघडलेलं असावं. मी म्हटलं, हवेचा दाब हवाय. तिने विचारलं, कशासाठी? तलावासाठी, मी म्हटलं. तलावाला दाब कशाला, म्हणाली. मग मी समजावलं, ती मध्ये न बोलता ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, म्हणजे तुम्ही पाण्याचा श्वास मोजता. असं माझ्या कामाबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. बायको माझ्या कामाला डबक्यात हात घालणं म्हणायची. तेव्हा बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. जाऊन म्हणजे तसं नाही, ती ठणठणीत आहे. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेली ती तिकडेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. आधी बाळ लहान म्हणून, मग मुलीची नोकरी म्हणून, मग दुसरं बाळ. मी विचारायचं सोडलं आणि तिने कारणं द्यायचं सोडलं. आता ती रविवारी फोन करून सांगते, अहो, गॅस नीट बंद करत जा. मी करतो.

नवा बॅरोमीटर दुसऱ्या वर्षी आला. कागदी पुठ्ठ्याच्या पेटीत, चहूबाजूंनी चिकटपट्टी लावलेला. मी पावतीवर सही केली, पेटी टेबलावर ठेवली, कात्री घेतली. सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. म्हटलं, आजचा फोन करून घेऊ, मग उघडू. त्या दिवशी ती म्हणाली की तिची आई पलंगावरून पडली, खुब्याचं हाड मोडलंय, आता दिवसभर घरी राहता यावं म्हणून तिने कायमची सकाळची पाळी मागून घेतली आहे. म्हणजे आता सुट्टी सोडली तर रोज मीच असेन फोनवर, असं म्हणाली. तिने ते मला दिलासा म्हणून सांगितलं नव्हतं, आपली एक माहिती म्हणून सांगितलं. मी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पेटी कपाटात, वरच्या फळीवर, जुन्या बाटल्यांच्या मागे. उद्या उघडू म्हटलं असेन, आठवत नाही. स्वतःशी खोटं बोलताना माणूस शब्द जपूनच वापरतो. त्यानंतरची सात वर्षं ती पेटी तिथे होती, आणि दर मार्चमध्ये साहित्याची यादी करताना मी लिहायचो, बॅरोमीटर एक, सुस्थितीत.

आमचं बोलणं तरी काय असायचं. दोन मिनिटं, फार तर अडीच. एक आकडा, आणि त्याच्या मागेपुढे एखादं वाक्य. त्यांच्या कार्यालयाची खिडकी बंद होत नाही. आईला आज स्वतःच्या हाताने जेवता आलं. मी सांगायचो, आज पाणबगळे आलेत, आज पाणी हिरवं दिसतंय. एकदा मला ताप होता तर ती आवाजावरून ओळखून म्हणाली, आज मोजलं नाही तर तलाव आटणार नाहीये. मी मोजायला गेलो, पण परतल्यावर दिवसभर ते वाक्य पांघरून पडलो होतो. ती रजेवर असली की दुसरा कोणीतरी आकडा फेकायचा आणि फोन आपटायचा. त्या दिवशी माझ्या वहीत मी कोपऱ्यात एक बारीक टिंब काढून ठेवायचो, कशासाठी ते कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे. मला ती कशी दिसते माहीत नाही. तिला पाहायची इच्छा होती का? खरं सांगायचं तर नव्हती. माझं वय सत्तावन्न, तिचं आवाजावरून पन्नास असेल. प्रेमबिम काही नाही, उगाच कोणी गालात हसू नये. एवढंच, की दिवसातून एकदा सहा वाजून दहा मिनिटांनी मी कुठेतरी आहे हे कोणाला तरी माहीत असायचं. बाकी दिवसभर मी असलो काय नि नसलो काय, नावाडी वल्ही मारतो आणि आकडे रकान्यात पडतात.

तर मी पेटी उघडली. बॅरोमीटरचा काटा जागेवर यायला थोडा वेळ लागला. ७०६. मी त्याच्यावर बोटाने टकटक केली, जशी आजारी माणसाच्या दारावर करतात. ७०६. मग मी स्टुलावर बसून जुन्या वह्या काढल्या. आता कोणी म्हणेल की नऊ वर्षं एकदाही कळलं कसं नाही. कळण्यासारखं होतं की. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेने बाटलीतल्या रासायनिक चाचणीशी माझं यंत्र ताडून पाहिलं होतं, माझा आकडा सहा-सात टक्क्यांनी वर आला होता. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो म्हणून सही झाली आणि पुढे ती चाचणीच बंद पडली. आणि यंत्राचं शून्य मी स्वतः दर महिन्याला तपासायचो, प्राणवायू पूर्ण काढून टाकलेल्या द्रावणात प्रोब बुडवून. शून्य अगदी बरोबर यायचं. शून्याला हवेच्या दाबाशी काही देणंघेणं नसतं. जिथे काहीच नाही तिथे माझं यंत्र कधी चुकलं नाही. वह्यांमध्ये मी ज्या सकाळी आकडा चार ते चार पूर्णांक दोनच्या मध्ये होता त्या शोधत गेलो. त्या सगळ्या सकाळी खरा आकडा चारच्या खाली असणार, पंखे लागायला हवे होते आणि लागले नव्हते. एकसष्ट सकाळी निघाल्या. त्यातली एक दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली, चार पूर्णांक एक. तिच्या दुसऱ्या दिवशी मासे मेले होते. पूर्वेच्या काठाला पांढरी पोटं वर करून, हजारोंनी. नावाडी तीन दिवस जाळीने ते ओढत होता, आणि तिसऱ्या दिवशी ओढता ओढता मध्येच थांबून त्याने डोळ्यांवर फडकं धरलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, ढगाळ हवा होती, आपल्या हातात काय आहे. पंखे लावले असते तर मासे वाचले असते असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वाचले नसते असंही नाही.

पुढे मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. नव्या यंत्रात दाब हाताने भरायचीही सोय आहे. मी ती शोधून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, तिने सातशे सत्तावन्न सांगितलं, मी सातशे सत्तावन्न भरलं. कोपऱ्यातला आकडा निमूट बदलला. मी स्वतःची समजूत काढली की अचानक सात टक्क्यांनी सगळं खाली आलं तर वर गोंधळ उडेल, नवं यंत्र खराब म्हणून परत पाठवतील, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, आधी नीट विचार करू, मग सांगू. ह्यातलं एकही कारण खोटं नव्हतं आणि एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की सांगितलं तर सहा वाजून दहा मिनिटांचा फोन बंद होणार. फोन मात्र रोज करत राहिलो. ती आकडा सांगायची आणि मला वाटायचं की ती मला एका अशा गावाबद्दल सांगते आहे जे कुठेच नाही, माझंच गाव, पण समुद्राकाठी वसलेलं, जिथे खिडकीतून खारं वारं येतं, बायकोने नातवंडांना घेऊन यायला हरकत नसते, आणि तलावातल्या सगळ्या माशांना पुरेल एवढी हवा असते. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बरं नाहीये का? आवाज बसलाय." मी म्हटलं, जागरण झालं. जागरण झालंच होतं, म्हणून तेवढं तरी खरं.

पाचव्या दिवशी पहाटेपासून वारा पडलेला होता. पाणी तेलासारखं स्थिर, आणि त्याला तो वास, जो नाकाला कळायच्या आधी जिभेला कळतो. पूर्वेच्या काठाजवळ मी प्रोब सोडला, हलके हलवत राहिलो, आकडा खाली खाली येत गेला आणि चार पूर्णांक दोनवर थांबला. मी त्याच्याकडे पाहत बसलो. चार पूर्णांक दोन भागिले एक पूर्णांक शून्य सात. मला कागद लागला नाही, गेले पाच दिवस मी दुसरं काय करत होतो. तीन पूर्णांक नऊ. काठाशी मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागालाच तोंड लावत होते. ते गोल गोल उघडमिट करणारं तोंड ज्याने पाहिलंय त्याला यंत्र लागत नाही. नावाड्याने वल्ही उचलून धरली होती, त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं. तो माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहत नव्हता, माशांकडे पाहत होता. म्हणाला, "किती?"

"चार दोन," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. चार दोन म्हणजे पंखे नाहीत, हे त्यालाही पाठ आहे. त्याने वल्ही पाण्यात घातली आणि होडी वळवायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वीही तो असाच वळला असणार, माझ्या शब्दावर, काही न बोलता. मी म्हटलं, थांब, पंखे लावायला सांग. तो म्हणाला, साहेब, चारच्या वर आहे ना. मी म्हटलं, नाहीये, चारच्या खाली आहे, मी चुकीचं सांगितलं, आधीही चुकीचं सांगितलं होतं.  त्याला किती कळलं देव जाणे. पण काठावर येताच तो पंप-खोलीकडे पळत गेला, आणि त्या वयाच्या माणसाने पळू नये असा पळाला.

प्रयोगशाळेच्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असतील. हुशार आहेत, आरडाओरडा करत नाहीत. त्याच सकाळी मी वह्या, पुस्तिका, दोन्ही आकडे त्यांच्या टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं, म्हणजे जवळजवळ सगळं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग तो काढून कागद ओढला आणि हिशोब करून पाहिला. माझाच हिशोब बरोबर निघाला. मग त्या म्हणाल्या की हे बघा, तुम्ही दाब मागितलात, त्यांनी समुद्रसपाटीचा दिला, कशासाठी हवाय ते त्यांना ठाऊक होतं, तेव्हा ही जबाबदारी त्यांचीच आहे. आपण हवामान कार्यालयाला खुलासा मागणारं पत्र पाठवू, चुकीची माहिती पुरवल्याबद्दल, रोज सकाळी कोण असतं फोनवर? त्यांनी मजकूर लिहायला सुरुवातही केली होती. मला सुटका करून देत होत्या, हे मला दिसत होतं. नुसतं मूग गिळून बसायचं होतं. पत्र तिच्या टेबलावर जाईल, तिच्या वरिष्ठांच्या टेबलावर जाईल, तिला सकाळच्या पाळीवरून काढतील, आईजवळ दिवसा कोण बसेल. माझ्या वहीत फक्त एक शेरा येईल, बाह्य कारणाने.

"बॅरोमीटर होता," मी म्हणालो. "सात वर्षं झाली येऊन."

"बिघडला होता?"

"उघडलाच नव्हता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का?"

मला वाटलं होतं हे सांगता येणार नाही. सांगताना फार अवघड गेलं नाही, उलट इतक्या चटकन बाहेर आलं की मीच दचकलो. "तो उघडला असता तर फोन करायला कारण उरलं नसतं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग कान लाल झाले, त्यांचे, माझे नव्हे. त्यांनी चाचरत विचारलं की त्या बाईंशी माझं काही. मी म्हटलं, नाही, दाब विचारायचो, कधी वाऱ्याबद्दल. त्यानंतर त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी हात करून सांगत होतं, अजून, अजून. त्या म्हणाल्या, "हे मला लिहिता येणार नाही." मी म्हटलं, मग निष्काळजीपणा लिहा. त्यांनी निष्काळजीपणा लिहिलं, आणि पुढे माझं पद. पत्र मात्र जाईलच, त्या म्हणाल्या. चौकशी म्हटली की दोन्ही कार्यालयांचा खुलासा लागतो, पण दोष माझा असं आत स्पष्ट असेल. उठताना त्यांनी विचारलं, जेवलात का. मी हो म्हटलं. दुपारचे साडेबारा झाले होते आणि मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण हे विचारणाऱ्या माणसासमोर नाही म्हणणं मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. पण पत्र तिला अचानक मिळावं हे बरं नव्हे, आधी कल्पना द्यायला हवी, हे कारण मला पहाटे सापडलं, आणि ह्या वेळी ते कारण खरं होतं. ती आकडा सांगायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. सगळं क्रमाने सांगितलं. यंत्र, पुस्तिका, सात टक्के, मासे. मला इथला साधा दाब हवा होता, असं म्हटलं. पलीकडे ती बंद न होणारी खिडकी वाजत असावी. मग ती हळू म्हणाली, "साधा तर समोरच्या पाऱ्याच्या नळीत दिसतो. तुम्हाला द्यायचा म्हणून मी रोज पावणेसहालाच बसून त्याचा समुद्रसपाटीचा हिशोब करून ठेवत होते. तुम्हाला फोनवर थांबायला लागू नये म्हणून."

नऊ वर्षं. रोज पावणेसहाला.  तिच्यावर काही येणार नाही, दोष माझ्या नावावर लिहून दिलाय, एवढं कसंबसं सांगितलं. तिने विचारलं की पण तुमच्या कार्यालयात बॅरोमीटर असतोच ना, नियमच आहे. मी म्हटलं, होता.

"मग रोज मला फोन का करत होतात?"

मॅडमना सांगितलं होतं ते वाक्य तयार होतं, पण ते कारणाचं वाक्य होतं आणि तिला कारण देणं मला फसवणूक वाटली. "करावासा वाटायचा," मी म्हणालो.

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली, बहुतेक तिनेच. तिकडचा दुसरा फोन वाजायला लागला आणि ती तो उचलत नव्हती. मी रिसीव्हर कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मला वाटत होतं, आता ती रागावेल; आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की रागावली तर बरं, रागावणारं माणूस काही काळ तरी बोलत राहतं. दुसरा फोन वाजून वाजून बंद पडला. मग ती घसा साफ करून म्हणाली, आवाजात राग नव्हता, आणि नेहमीचं काहीच नव्हतं, "पत्र येणार असेल तर ह्या फोनची नोंद करून ठेवावी लागेल. तुमचं नाव काय लिहू?"

नऊ वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, कागदासाठी सांगतात तसं सावकाश. ती लिहीत होती, पेनाचा आवाज येत होता, आणि माझं नाव इतकं लांब आहे हे मला त्या दिवशी आवडलं. मग पेन थांबलं.

"आणखी काही?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर तसाच हातात धरून बसलो, बाहेरून नावाड्याने हाक मारली तरी बसलो, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिचं नाव विचारायचं राहून गेलं.